इलेक्ट्रॉन-व्होल्ट ते किलोवॅट-तास : ऊर्जेच्या एककांचे रूपांतर आणि त्याचा अन्वयार्थ

प्रस्तावना :
पदवी वर्गात अणुविखंडन शिकवताना प्रस्तुत लेखकाने फळ्यावर लिहिले की, युरेनियम-२३५ च्या एका अणूच्या विखंडनातून सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजेच एका जूलचा सुमारे ३,१०० कोटीवा भाग एवढी ऊर्जा मुक्त होते. त्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, एवढ्याशा ऊर्जेने हिरोशिमा कसे बेचिराख झाले?" रूपांतर अचूक होते, तरीही त्यातून अर्थबोध झाला नव्हता. त्या वेळी लेखकाने केवळ गुणक पुन्हा सांगितला. प्रश्नाचे उत्तर दिले नाही. ती उणीव भरून काढणे हा या लेखाचा हेतू आहे.

एककांचे स्वरूप :
एक व्होल्ट विभवांतरातून जाताना इलेक्ट्रॉनला मिळणारी ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट होय. २०१९ पासून इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचे मूल्य व्याख्येनेच निश्चित झाल्यामुळे हे एकक १.६०२१७६६३४ × १० चा −१९ वा घात इतके जूल, असे तंतोतंत ठरले आहे. दुसऱ्या टोकाला किलोवॅट-तास, म्हणजे वीजबिलातील 'युनिट', हे ३६ लाख जूलचे असते. स्फोटाच्या संदर्भात एक टन टीएनटी म्हणजे ४१८.४ कोटी जूल असे मानतात. एकक हे त्या त्या विद्याशाखेच्या सोयीनुसार निवडले जाते. मात्र इलेक्ट्रॉन-व्होल्टमधील आकडा बहुधा एका कणाविषयी वा एका घटनेविषयी असतो, तर किलोवॅट-तासातील आकडा समूहाविषयी असतो, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

कणांच्या संख्येचा दुवा :
या दोहोंमधील दुवा ॲव्होगॅड्रो स्थिरांक हा आहे. दर कणामागे एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे दर मोलमागे सुमारे ९६.५ किलोजूल. कार्बनच्या पूर्ण ज्वलनातून दर मोलमागे सुमारे ३९४ किलोजूल ऊर्जा मिळते; अर्थात दर अणूमागे सुमारे ४.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. रसायनशास्त्राचा आणि भौतिकशास्त्राचा प्राध्यापक येथे एकच गोष्ट दोन भाषांत सांगत असतात.

एक ग्रॅम युरेनियम-२३५ मध्ये सुमारे २.५६ × १० चा २१ वा घात इतके अणू असतात. त्या सर्वांचे विखंडन झाल्यास सुमारे ८,२०० कोटी जूल, म्हणजे जवळपास २२,८०० युनिट इतकी उष्णता मिळते.

याच आकड्यांतून एक नेहमीचा घोटाळा उद्भवतो. विखंडनाची ऊर्जा कार्बनच्या ज्वलनापेक्षा 'सुमारे ५ कोटी पट' असे एके ठिकाणी वाचावयास मिळते, तर 'सुमारे २५ लाख पट' असे दुसरीकडे. दोन्ही विधाने बरोबर आहेत. पहिली तुलना अणूमागे अणू अशी, तर दुसरी किलोग्रॅममागे किलोग्रॅम अशी आहे. युरेनियमचा अणू कार्बनच्या अणूपेक्षा सुमारे २० पट जड असल्याने हा फरक पडतो. छेद न सांगता दिलेला आकडा म्हणूनच दिशाभूल करणारा ठरतो.

काळाचा घटक :
६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बची ऊर्जा सुमारे १५ किलोटन होती, असा अंदाज आहे. ती सुमारे ६.३ × १० चा १३ वा घात इतके जूल भरते. त्यासाठी विखंडन पावलेले युरेनियम सुमारे पाऊण किलोग्रॅम होते. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते : एका विखंडनाची ऊर्जा अत्यल्प असली, तरी विखंडनांची संख्या प्रचंड होती.

उरलेले अर्धे उत्तर काळात आहे. १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूर अणुवीज केंद्रातील पहिल्या दोन अणुभट्ट्यांची विद्युत क्षमता पुढे प्रत्येकी १६० मेगावॅट ठरविण्यात आली. उष्णतेचा एक तृतीयांश भाग विजेत रूपांतरित होतो असे स्थूलमानाने धरल्यास, पूर्ण क्षमतेने चालणाऱ्या अशा एका भट्टीत दररोज सुमारे अर्धा किलोग्रॅम इंधनाचे विखंडन व्हावे लागते. म्हणजे हिरोशिमाच्या बॉम्बइतकी ऊर्जा ही भट्टी साधारण दीड दिवसात उष्णतेच्या रूपाने देते. ऊर्जा तितकीच, पण ती सेकंदाच्या अत्यंत लहान अंशात मुक्त झाली तर शहर नष्ट होते आणि नियंत्रितपणे दीड दिवसात मिळाली तर दिवे लागतात.

निष्कर्ष :
एककांचे रूपांतर शिकवताना गुणकासोबत तीन प्रश्न विचारले जावेत : ही ऊर्जा कितीजणांची, किती वस्तुमानामागे आणि किती काळात? विज्ञानाबरोबरच भूगोल, अर्थशास्त्र वा पर्यावरण शिकविणाऱ्या अध्यापकांनाही ऊर्जेचे आकडे हाताळावे लागतात. अणुऊर्जेच्या बाजूने वा विरोधात मत बनविण्यापूर्वी विद्यार्थ्याने हे तीन प्रश्न स्वतःला विचारले, तर त्याचे मत ऐकीव आकड्यावर विसंबून राहणार नाही.