बॅटरी डिकीत नेताना

आमच्या अणदूरला देवसुद्धा मुक्काम हलवतो. खंडोबा वर्षातले काही आठवडे नळदुर्गला जातो, मग परत येतो, आणि त्यासाठी दोन्ही गावांचे मानकरी लेखी करार करतात. आधी अटी, मग पालखी. माझ्या जुन्या मारुती आठशेची बॅटरी बोनेटमधून डिकीत न्यायची ठरली तेव्हा मी हा क्रम पाळला नाही. पालखी आधी काढली आणि क्लचची केबल जाळून बसलो. ती हकिगत पुढे येईलच.

हलवायचीच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. इंजिनाशेजारी बॅटरी भाजते. तापमान दहा अंशांनी वाढलं की शिसं-ॲसिडच्या बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ढोबळ हिशेब आहे, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात बोनेटखाली काय होत असेल ते सांगायला नको. कंपन्यांनीही बॅटरी मागे ठेवलेली आहे: 1959 च्या मूळ मिनीत ती डिकीत होती, जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये मागच्या सीटखाली. तरीही फक्त उष्णतेचाच त्रास असेल तर आधी बॅटरीभोवती उष्णतारोधक आवरण घालून बघा. त्यात अर्ध्या तासात काम होतं. मला बोनेटमध्ये जागाही हवी होती, म्हणून मी पुढे गेलो.

बॅटरी मागे नेण्याचं तयार किट म्हणजे तरी काय? एक पेटी, जाड वायर, फ्यूज आणि नट-बोल्ट. हे सगळं सोलापूरला सुटं मिळतं. पण वायर कोणती घ्यायची, हे दुकानदाराला नाही, आपल्याला ठाऊक असावं लागतं.

वायर जाड का हवी, हे शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. लांबच्या बोअरला बारीक वायर टाकली की मोटर नुसती भुणभुणते. पेटीपाशी व्होल्टेज बरोबर, मोटरपाशी पडलेलं. गाडीत तेच होतं, फक्त जास्त निर्दयपणे, कारण इथे मुळात बाराच व्होल्ट आहेत. छोट्या पेट्रोल गाडीचा स्टार्टर सेल मारताना शंभर-सव्वाशे अँपिअर सहज ओढतो. माझ्या गाडीत डिकीपासून स्टार्टरपर्यंत साडेचार मीटर वायर लागली. तांब्याची 10 चौरस मिलिमीटरची वायर घेतली असती तर 120 अँपिअरला जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच गेला असता. 25 ची घेतली की हीच घट 0.4 व्होल्टच्या आत येते. डिझेल गाडीचा स्टार्टर याच्या दुप्पट-तिप्पट ओढतो, तिथे 35 किंवा 50 ची वायर हवी. वेल्डिंगची वायर या कामाला चांगली, बारीक तारांची असल्यामुळे वळते. पण तिच्या रबराला ऑइल आणि पेट्रोल सोसतंच असं नाही, म्हणून बोनेटमधला भाग पन्हाळीदार प्लॅस्टिक पाइपमधून न्यायचा. आणि ॲल्युमिनियमची वायर तांब्याचा मुलामा देऊन विकतात, तिला बळी पडू नका. टोक खरवडून आतला रंग बघायचा.

टोकांना लग बसवताना पक्कडीनं दाबून भागत नाही. हायड्रॉलिक क्रिम्पिंगचं यंत्र मोठ्या इलेक्ट्रिक दुकानात किंवा पॅनेल बनवणाऱ्याकडे असतं, त्याच्याकडून दाबून घ्या. ढिला लग तापतो, तापला की आणखी ढिला होतो.

आता फ्यूज. बोनेटमध्ये बॅटरी असताना स्टार्टरच्या जाड वायरला बहुतेक जुन्या गाड्यांत फ्यूज नसतोच, कारण ती वायर हात-दीड हात असते. साडेचार मीटरची वायर पत्र्याच्या कडांवरून, सीटखालून जाते. कुठे सोललीच तर छोटी बॅटरीसुद्धा क्षणात कित्येक शे अँपिअर ओतते आणि गालिचा पेटतो. फ्यूज वायरच्या रक्षणाला असतो, म्हणून तो बॅटरीपासून वीतभर अंतरावरच हवा. इंजिनाकडच्या टोकाला लावला तर मधल्या साडेचार मीटरला कोणी वाली नाही. मी 150 अँपिअरचा बोल्टनं बसणारा फ्यूज लावला. सेल मारताना तो उडता कामा नये आणि वायर तापायच्या आत उडायला हवा, या दोन मर्यादांच्या मधला आकडा निवडायचा.

वायरची वाट दरवाजाच्या पायदानाला धरून, गालिच्याखालून काढली. सीट जिथे सरकते ती पट्टी टाळायची, पेट्रोलची नळी टाळायची, सायलेन्सरच्या जवळपास फिरकायचंही नाही. पत्र्यातून पलीकडे जाताना भोकाला रबरी ग्रोमेट हवाच. त्याशिवाय पत्र्याची कड वायरला रोज थोडी थोडी कापत राहते. बॅटरीच्या जुन्या पॉझिटिव्हवर एकटी स्टार्टरची वायर नव्हती, फ्यूजबॉक्सची आणि अल्टरनेटरची वायरही तिथेच होती. ती सगळी टोकं बोनेटमध्ये एका झाकण असलेल्या, पत्र्यापासून अलग बसवलेल्या बोल्टवर एकत्र आणली.

आणि इथे मी फसलो. पॉझिटिव्हचं सगळं नीट केलं, निगेटिव्ह मात्र डिकीतल्या पत्र्याला लावून मोकळा झालो. जुनी निगेटिव्ह वायर थेट गिअरबॉक्सला जात होती, ती मी काढून टाकली होती. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्याला बॉडीशी जोडणारी दुसरी जाड वायर नव्हती. सेल मारला, स्टार्टर कण्हला आणि बोनेटमधून जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. शंभर अँपिअर करंटला परतीची वाट हवी होती, ती त्याला क्लचच्या केबलमधून सापडली. आतली पोलादी तार तापली, बाहेरचं आवरण वितळून गळलं. आता इंजिनापासून बॉडीपर्यंत 25 चौरस मिलिमीटरचीच वायर आहे, आणि डिकीतला जोड रंग खरवडून, चकाकत्या पत्र्यावर, दातेरी वॉशर घालून केलाय. वरून व्हॅसलीन. सीटबेल्टचा बोल्ट आयता दिसतो म्हणून तिथे अर्थिंग करू नका, तो जीव वाचवायला आहे.

डिकीत दुसरा प्रश्न हवेचा. चार्ज होताना पाणी घालायच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो चार टक्के झाला की ठिणगीची वाट बघतो. आठशेची डिकी म्हणजे मागच्या सीटच्या पाठीमागचा कोपरा. तिथली हवा आणि मुलं घेतात ती हवा एकच. म्हणून झाकणाची पेटी, आणि झाकणाजवळून निघून फरशीच्या पत्र्यातून बाहेर पडणारी नळी. मी सीलबंद बॅटरी घेतली, तरी नळी ठेवली, कारण जास्त चार्ज झाली तर तिचाही वॉल्व्ह उघडतो.

पेटी पत्र्यावर नुसती ठेवून चालत नाही. 35 अँपिअर-तासांची बॅटरी साधारण दहा किलोची. जोराच्या धडकेत वीसपट भार धरला तर दोन क्विंटल झाले, म्हणजे सोयाबीनची दोन भरलेली पोती मागच्या सीटवर येऊन आदळल्यासारखं. वेल्डिंगवाल्याकडून अँगलची चौकट करून घेतली, वरून आडवी पट्टी, आणि पत्र्याखाली रुंद वॉशर लावून चार बोल्ट. भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून बघायचं, टाकी कुठे आहे आणि नळ्या कुठून जातात.

काम करताना निगेटिव्ह आधी काढायचा आणि शेवटी लावायचा. पॉझिटिव्ह सोडवताना पाना चुकून बॉडीला टेकला तर निगेटिव्ह सुटा असल्यानं काही होत नाही. उलट क्रमात पाना तिथेच चिकटून लाल होतो. हातात अंगठी नको.

कॉम्प्युटर, एअरबॅग आणि निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर असलेल्या नव्या गाडीत हा उद्योग करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. माझी आठशे कार्बुरेटरची, तिला बॅटरी कुठे आहे याची पर्वा नाही.

शेवटी मल्टीमीटर. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरं लांब वायर जोडून स्टार्टरच्या बोल्टवर, आणि कोणाला तरी सेल मारायला सांगायचं. अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी आलं पाहिजे. मग हेच निगेटिव्ह आणि इंजिनाच्या धातूमध्ये. माझा पहिला आकडा 0.4, दुसरा 0.2. गाडी चालू ठेवून बॅटरीवर मोजलं तर 14.1 व्होल्ट. नंतर सोलापूरला दोन फेऱ्या मारून सगळे बोल्ट पुन्हा आवळले. डिकीतल्या अर्थिंगचा बोल्ट पाव आटा फिरला.