वज्राचा रंग

धनत्रयोदशीच्या सायंकाळी पाटावर नाणी, दागिने आणि धणे-गूळ मांडून गृहिणी दिवा लावते. आमच्या पेठ वडगावातही हाच प्रघात आहे. एकीकडे हुपरीची चांदी, दुसरीकडे कोल्हापूरची गुजरी. त्यामुळे दागिन्याची पारख या पंचक्रोशीस नवी नाही. तरीही गतवर्षी कीर्तन आटोपल्यावर एका यजमानांनी निळ्या हिऱ्याची अंगठी आमच्यापुढे ठेवली आणि विचारले, “बुवा, शास्त्रात रंगीत हिरा सांगितला आहे का?” कन्येच्या विवाहासाठी साठविलेली पुंजी त्यांनी त्या खड्यात घातली होती.

शास्त्रात तो निश्चित सांगितला आहे. वराहमिहिराचार्यांनी सहाव्या शतकात बृहत्संहितेत वज्रांच्या देवता कथन केल्या आहेत. शुभ्र वज्र इंद्राचे, काळे यमाचे, कर्णिकाराच्या फुलासारखे पिवळे वरुणाचे आणि अशोकपुष्पाच्या कांतीचे वायूचे.

आधुनिक विज्ञान या रंगांची कारणे सांगते. हिरा म्हणजे केवळ कर्ब. त्यात नत्रवायूचे अणू शिरले की पिवळी छटा येते, बोरॉनचे शिरले की निळी. निळाईस दशलक्षांत एखादा अणूही पुरतो! नैसर्गिक किरणोत्सर्गाने हिरवा रंग चढतो. कित्येक निळे हिरे भूगर्भात सहाशे किलोमीटरांहून अधिक खोल घडले, असे २०१८ साली संशोधकांनी दाखविले. गडद रंगाचा हिरा दहा हजारांत एखादाच, असे जवाहिरे मानतात.

असे एक रत्न मराठी राजघराण्यांत नांदून गेले. गोवळकोंड्याचा २३.२४ कॅरटांचा निळा हिरा इंदूरच्या होळकरांकडे होता. १९२३ साली पॅरिसच्या शोमे पेढीने तो कंकणात जडविला. पुढे यशवंतराव होळकरांनी तो कंठ्यात बसवून घेतला. १९४७ साली अमेरिकन जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी तो विकत घेतला व नंतर बडोद्याच्या महाराजांस विकला. २०२५ च्या मे महिन्यात जिनिव्हात त्याचा लिलाव ठरला, तेव्हा अंदाज साडेतीन ते पाच कोटी डॉलरांचा होता; परंतु लिलावापूर्वीच तो मागे घेण्यात आला.

आता यजमानांच्या अंगठीचे सांगतो. आमच्या आग्रहावरून त्यांनी ती प्रयोगशाळेत तपासून घेतली. हिरा खराच निघाला. रंग मात्र यंत्रातील किरणांनी चढविलेला होता. दिलेल्या किमतीचा अल्पसा अंशच त्या खड्याचे खरे मोल ठरला. पावतीवर केवळ ‘निळा हिरा’ एवढेच लिहिले होते.

वाचकहो, निळा रंग दोहोंतही डोळ्यांस सारखाच दिसतो. मग किंमत कशाची? ती त्या रंगाच्या अकृत्रिमतेची आहे. म्हणून सणाच्या मुहूर्तावर रंगीत हिरा घेणाऱ्याने रंग नैसर्गिक असल्याचे मान्यवर प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र आधी मागावे, पैसे नंतर मोजावेत. मुहूर्त टळला तरी लक्ष्मी रुसत नाही. पारख न करता दिलेले धन मात्र परत येत नाही.

यजमानांनी कन्येस सारे खरे सांगितले. तिने ती अंगठी हसून बोटात घातली आणि म्हणाली, “बाबा, हिरा तर खराच आहे ना!” यंदा त्यांच्या घरी पूजेत तीच अंगठी मांडली जाणार आहे. त्या घरचे धन कोणते, हे आम्ही वेगळे काय सांगावे?