साठ मीटरवरचं सैन्य

तळव्यापासून डोळ्यांपर्यंत २८ मिलिमीटर. वॉरहॅमर या खेळातला पायदळाचा शिपाई साधारण एवढाच असतो, म्हणजे खऱ्या माणसाच्या जेमतेम साठाव्या भागाइतका. तो टेबलावर आपल्यापासून एक मीटरवर उभा असेल, तर खरा माणूस ६० मीटरवरून जेवढा दिसेल तेवढाच तो दिसतो. ६० मीटरवरच्या माणसाची नजर कुठे वळली आहे ते सांगता येईल का? त्याच्या चिलखताची कड किती धारदार आहे ते? नाही सांगता येणार. तरीही चांगला रंगवलेला शिपाई एक मीटरवरून पाहताना नजर कळते, पोलादाची धार चमकते, झग्याच्या चुण्यांत अंधार साठलेला दिसतो. डोळ्याला जे दिसणं शक्य नाही ते दाखवण्याची ही कला आहे, आणि ती एका शिपायावर नाही, शंभरावर महिनोन्‌महिने चालते.

खेळ इंग्लंडचा. टेबलावर शिपाई मांडून नियमांनी लढाई खेळण्याचं वेड तिथे जुनं; एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाचं नियमांचं पुस्तकच लिहिलं. १९७५ मध्ये लंडनमध्ये गेम्स वर्कशॉप सुरू झालं, १९७९ मध्ये मूर्ती ओतणारी सिटाडेल मिनिएचर्स आली आणि १९८३ मध्ये वॉरहॅमरची पहिली आवृत्ती. आज कारभार नॉटिंगहॅमहून चालतो. पूर्वी या मूर्ती शिशाच्या मिश्रधातूच्या असत, आता बहुतेक कडक प्लॅस्टिकच्या. खोक्यात तयार शिपाई मिळत नाही. राखाडी चौकटींना जोडलेले हात, धडं, ढाली, घोड्यांचे अर्धे अर्धे भाग मिळतात. ते कापायचे, घासायचे, जोडायचे. जोडण्याचा द्रवही विलक्षण आहे. तो गोंदासारखा मध्ये राहत नाही. दोन्ही तुकड्यांचं पॉलिस्टायरीन विरघळवतो आणि उडून जातो. मागे एकसंध प्लॅस्टिक राहतं. रंग मात्र ज्याचा त्याने द्यायचा.

जानेवारी २०२४ मध्ये हा जुना खेळ ‘द ओल्ड वर्ल्ड’ या नावाने नव्याने आला, तेव्हा सुरुवातीला दोन सैन्यं पुढे होती: मध्ययुगीन फ्रान्स आणि राजा आर्थरच्या कथांवर बेतलेले ब्रेटोनियाचे सरदार, आणि प्राचीन इजिप्तच्या धर्तीवरचे खेमरीचे सांगाडे. सांगाड्यांचं सैन्य घेतलं, तर शंभर सांगाडे सहज लागतात. एकाला दोन तास धरले तर दोनशे तास झाले. नोकरी, घर सांभाळून आठवड्याला सहा तास मिळाले, तर आठ महिने. म्हणून जाणकार एकेक शिपाई पूर्ण करत बसत नाहीत. दहा-दहांची तुकडी घेतात: आधी दहांचीही हाडं, मग दहांच्याही ढाली. दहावा रंगवून होईतो पहिला वाळलेला असतो.

आता मूळ कोड्याकडे येऊ. एक मीटरवरून आपला डोळा साधारण ०.३ मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा ओळखू शकत नाही. खऱ्या चिलखताच्या पत्र्याची कड असते एक-दोन मिलिमीटरची. साठाव्या भागात ती होते ०.०३ मिलिमीटरच्या आसपास. ज्या कडेवर ऊन चमकायला हवं ती कड इथे डोळ्यांच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून रंगवणारा ती चमक स्वतः काढतो: कडेवरून सुमारे ०.३ मिलिमीटरची एक फिकट रेघ. माणसाच्या मापात ही रेघ जवळजवळ दोन सेंटिमीटर रुंद ठरेल. खऱ्या चिलखतावर असा पट्टा ओढला तर विचित्र दिसेल. इथे टेबलापासून मागे सरकलं की त्याचंच पोलाद होतं. मूर्तिकारानेही हात, डोकी, तलवारी प्रमाणापेक्षा मोठ्या घडवून अर्धं काम आधीच केलेलं असतं.

प्रकाशाचंही तसंच. खोलीतला दिवा या शिपायावर पडतो खरा, पण त्या इवल्या चुण्यांमधली सावली लांबून जाणवत नाही. मग सावलीसुद्धा रंगवायची. एक पद्धत मला फार आवडते. आधी मूर्तीवर सगळीकडून काळा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पायाचा थर, फवारायचा, वाळू द्यायचा आणि मग फक्त वरून पांढरा. हनुवटीखाली, काखेत, झग्याच्या आत काळं राहतं; खांदे, टोप, नाकाचा शेंडा उजळतात. रंगाचा एकही खरा थर देण्याआधी सूर्य कुठे आहे ते मूर्तीवर पक्कं होतं. वरचे रंग पातळ ठेवले की हा उजेड-अंधार त्यांतून दिसत राहतो.

सांगाड्याच्या बरगड्यांवर तर हे काम पाणीच करतं. हाडाचा फिकट पिवळसर रंग वाळला की त्यावर तपकिरी वॉश द्यायचा. वॉश म्हणजे अगदी पातळ, वाहता रंग. भरलेला ब्रश छातीच्या पिंजऱ्याला नुसता टेकवायचा. थेंब क्षणभर थबकतो आणि मग केशाकर्षणाने आपसूक फटींत शिरतो. बरगड्यांवरून तो ओसरतो, खाचांत साठतो. जिथे अंधार हवा नेमका तिथेच रंग जाऊन बसतो, आणि क्षणापूर्वी सपाट दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची हाडं होतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या तोंडून हमखास ‘अरे!’ निघतं.

हाच वॉश सपाट ढालीवर पडला तर मात्र वाळताना कडेला गडद कडं उमटतं. त्यामागचं शास्त्र शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट डीगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं. त्यांचा विषय होता सांडलेल्या कॉफीचा डाग. थेंबाची कड पृष्ठभागाला धरून बसते. तिथलं पाणी सर्वांत वेगाने उडतं, ती तूट भरायला मधलं पाणी कडेकडे धावतं आणि जाता जाता रंगाचे कण सोबत ओढून नेतं. म्हणून ढालीवरचा जास्तीचा वॉश वाळण्याआधीच ओलसर ब्रशने टिपून घ्यायचा.

ब्रेटोनियाच्या सरदारांची गोष्ट निराळी. इथे प्रत्येकाची ढाल, प्रत्येकाच्या घोड्याची झूल वेगळी: एकाची निळ्यावर सोनेरी फुलं, दुसऱ्याचा लाल-पांढरा चौकडा. मध्ययुगीन युरोपातल्या सरदारी चिन्हांचा एक कडक नियम होता. सोनेरी (किंवा पिवळा) आणि रुपेरी (किंवा पांढरा) हे ‘धातू’. लाल, निळा, हिरवा, काळा, जांभळा हे ‘रंग’. धातूवर धातू चढवायचा नाही, रंगावर रंग चढवायचा नाही. फिकटाशेजारी गडद आलं की चिन्ह लांबूनही उठून दिसतं. खऱ्या रणांगणावर चिन्ह लांबून वाचता यावं म्हणून सोयीचा ठरलेला नियम सात-आठ शतकांनंतर टेबलावरच्या शिपायाला जसाच्या तसा लागू पडतो, कारण तोही डोळ्यांच्या हिशेबाने ६० मीटरवरच आहे! या सगळ्या छंदातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच.

आणि डोळे. पेणच्या गणपती कारखान्यांत डोळ्यांची आखणी शेवटी होते आणि ती सर्वांत सराईत हाताकडे असते. इथे कित्येक जण डोळे अगदी आधी काढतात. खरा डोळा तीन सेंटिमीटर रुंद धरला तर इथे तो येतो अर्धा मिलिमीटर. तिथे पांढरा ठिपका, त्यात काळा ठिपका; बाहेर गेलेला रंग मग चेहऱ्याच्या रंगाने पापणीपर्यंत झाकत आणता येतो. त्यासाठी सर्वांत बारीक ब्रश घ्यावा असं वाटतं, पण तो रंग इतका थोडा धरतो की डोळ्यापर्यंत पोचेतो टोकावरच वाळतो. त्यापेक्षा एक नंबरचा, पोटाने भरलेला आणि टोकाला अणकुचीदार ब्रश बरा. उत्तम ब्रश सायबेरियाकडच्या कोलिन्स्की नावाच्या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचे असतात.

इतके महिने काम चाललं की एक अडचण येते: हात सुधारतो. पहिली तुकडी आणि शेवटची तुकडी एकाच माणसाची वाटत नाही. त्यावर या मंडळींनी तोडगे काढलेत. कुठल्या रंगात काय किती मिसळलं ते वहीत लिहून ठेवायचं, कारण सहा महिन्यांनी तोच हिरवा पुन्हा जमत नाही. साधे शिपाई आधी रंगवायचे, सेनापती शेवटी, हात बसल्यावर. आणि हा खेळ रांगांचा असल्यामुळे सुरुवातीचे कच्चे शिपाई मागच्या रांगेत उभे करायचे.

वॉरहॅमर ४०,००० या भविष्यकाळातल्या भावंड-खेळात तर सगळं सैन्य ठरलेल्या दर्जाचं रंगवलेलं असेल, तर सामन्याच्या १०० गुणांपैकी १० गुण त्याचेच मिळतात. पण गुणांसाठी कुणी आठ महिने बसत नाही. करून बघायचं असेल तर एकच सांगाडा घ्या, प्रायमर, हाडाचा एक रंग, तपकिरी वॉश आणि एक बरा ब्रश. वॉश बरगड्यांत उतरताना नीट बघा. दुसरा सांगाडा घ्यायचा की नाही ते त्यानंतर ठरवा.