दूरस्थ कार्यपद्धती आणि ग्रामीण मराठवाडा : एक चिकित्सक अभ्यास
(विशेष संदर्भ – शिरूर अनंतपाळ, जि. लातूर)

प्रस्तावना :
काम करण्यासाठी कामाच्या ठिकाणी गेलेच पाहिजे, हा औद्योगिक क्रांतीपासून रूढ झालेला नियम होय. कच्चा माल, यंत्रे व कामगार एका छताखाली आणल्याशिवाय उत्पादन शक्य नव्हते. तथापि, ज्या कामाचा कच्चा माल माहिती हाच आहे, त्या कामास हा नियम लागू पडत नाही. जॅक नाइल्स या अमेरिकन अभ्यासकाने कामगाराने कामाकडे जाण्याऐवजी काम कामगाराकडे नेण्याची ही कल्पना 1973 मध्येच मांडली होती. ती व्यापक प्रमाणात अमलात येण्यास मात्र महामारी यावी लागली. प्रस्तुत लेखात या बदलाचा शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या दृष्टीने विचार केला आहे.

उद्दिष्टे :
1) दूरस्थ कार्यपद्धतीचे स्वरूप समजून घेणे.
2) शहर व व्यवसायावरील परिणाम अभ्यासणे.
3) ग्रामीण भागातील संधी व मर्यादा शोधणे.

अभ्यास पद्धती :
लेखासाठी प्रामुख्याने द्वितीयक साधनसामग्रीचा आधार घेतला असून विवेचन वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीने केले आहे.

विषय विवेचन :
25 मार्च 2020 रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि पुण्यातील हिंजवडीसारख्या माहिती तंत्रज्ञान केंद्रांतील कर्मचारी घरी बसून काम करू लागले. अनेकांनी भाड्याची खोली सोडून गाव गाठले. याचा परिणाम केवळ कंपनीपुरता मर्यादित राहिला नाही. खानावळी, चहाची दुकाने, रिक्षा, भाड्याच्या खोल्या असा मोठा व्यवसाय या कर्मचाऱ्यांच्या रोजच्या ये-जा करण्यावर उभा होता, तो ठप्प झाला. कार्यालय ही केवळ इमारत नसून ती भोवतालच्या बाजारपेठेचा आधार असते, हे यातून स्पष्ट झाले.

हा बदल कायमचा ठरेल, असे त्या वेळी वाटत होते. 2025 पर्यंत केवळ 25 टक्के कर्मचाऱ्यांनाच एका वेळी कार्यालयात येण्याची गरज राहील, असे टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने 2020 मध्ये जाहीर केले. त्याच कंपनीने 2023 मध्ये कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात बोलाविले. याउलट चीनमधील ट्रिप डॉट कॉम या कंपनीतील 1612 कर्मचाऱ्यांवरील प्रयोगाचे निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. आठवड्यातून दोन दिवस घरून काम केल्याने कार्यक्षमता घटली नाही, उलट नोकरी सोडण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. म्हणजेच प्रश्न 'घर की कार्यालय' असा नसून दोहोंच्या प्रमाणाचा आहे.

शिरूर अनंतपाळच्या दृष्टीने नेमकी येथेच अडचण निर्माण होते. आठवड्यातून तीन दिवस हजेरी आवश्यक असेल, तर पुण्याच्या उपनगरात राहणाऱ्यास सवलत मिळते. शेकडो किलोमीटर दूर असलेल्या आपल्या तरुणास ती निरुपयोगी ठरते. 'लातूर पॅटर्न'ने जिल्ह्याला गुणवंत विद्यार्थी दिले. परंतु त्यांच्या शिक्षणाचा खर्च येथील शेतीने उचलला आणि वेतनाचा खर्च मात्र महानगरात होतो. पूर्णतः दूरस्थ काम हे चक्र अंशतः उलटवू शकते. विवाहानंतर वा मुलांच्या संगोपनासाठी नोकरी सोडावी लागणाऱ्या सुशिक्षित स्त्रियांसाठी तर त्याचे महत्त्व अधिक आहे.

तंत्रज्ञानाने येथील कार्यालयेही बदलली आहेत. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा संगणकावर मिळतो. 2021 पासून ई-पीक पाहणीद्वारे शेतकरी स्वतः मोबाईलवरून पिकाची नोंद करू लागला. मात्र प्रत्येक व्यवहार असा दूरस्थ होत नाही. सोयाबीनचा ओलावा व प्रत माल पाहूनच ठरते. म्हणून ई-नाम ही योजना 2016 मध्ये सुरू होऊनही आडत बाजाराचे महत्त्व टिकून आहे.

मर्यादा व उपाययोजना :
अखंडित वीज, खात्रीशीर इंटरनेट आणि शांत जागा या तीन मूलभूत गरजा आहेत. भारतनेट योजनेची तार ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचली तरी ती प्रत्येक घरापर्यंत जातेच असे नाही. लहान घरात एकत्र कुटुंब असताना स्वतंत्र खोली मिळणे कठीण असते. शिवाय घरी बसलेला माणूस रिकामाच आहे, असा समज असल्याने त्याच्यावर इतर कामे सोपविली जातात. स्त्रियांच्या बाबतीत हे विशेषत्वाने घडते. यावर सामूहिक कार्यकक्ष हा व्यवहार्य उपाय आहे. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका आपल्या परिचयाच्या आहेत. त्याच धर्तीवर नगरपंचायत वा महाविद्यालयाने इन्व्हर्टर व इंटरनेटची सोय असलेला एक कक्ष अल्प शुल्कात उपलब्ध करून द्यावा.

निष्कर्ष :
1) दूरस्थ कार्यपद्धती टिकून राहील, परंतु तिचे संमिश्र रूप महानगरालगतच्या लोकांनाच अधिक लाभदायक आहे.
2) ग्रामीण भागाने पूर्णतः दूरस्थ स्वरूपाच्या कामांवर लक्ष केंद्रित करणे आवश्यक आहे.
3) केवळ तंत्रज्ञान आल्याने स्थलांतर थांबत नाही. वीज, जागा व कौटुंबिक मान्यता यांची जोड मिळाली, तरच शिकलेला तरुण गावात राहून कमावू शकेल.