दातांचे पैसे आगाऊ भरले, पुढे काय?

मागच्या वर्षावासातली गोष्ट. पौर्णिमेची वंदना झाली, खीर वाटून झाली, तरी मरोळच्या आमच्या वस्तीतल्या एक मावशी विहाराच्या पायरीवर बसून राहिल्या. गालावर पदर धरलेला. विचारले तर म्हणाल्या, "दातांचे चाळीस हजार भरले गं, आणि दात काही बसले नाहीत."

मावशी चार घरी धुणीभांडी करतात. दाढा दुखायला लागल्या म्हणून त्या जवळच्या एका दवाखान्यात गेल्या. तिथे साफसफाई, दोन दात काढणे, दोन रूट कॅनाल, त्यावर दोन कॅप आणि तीन दातांचा ब्रिज असा ४५ हजारांचा हिशेब कागदावर मांडून दिला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मावशी, आज पूर्ण भरले तर पाच हजार सूट." भिशीचे २० हजार मावशींनी रोख दिले. उरलेल्या २० हजारांसाठी तिथेच त्यांच्या मोबाईलवर ओटीपी आला आणि हप्ते सुरू झाले. साफसफाई झाली, दात काढले, रूट कॅनालही झाले. कॅपचे माप घेतले आणि डॉक्टर दवाखाना सोडून गेले. नवे डॉक्टर म्हणाले, सगळे पुन्हा तपासावे लागेल, वेगळा खर्च येईल. पैसे परत मागितले तर भिंतीवरच्या पाटीकडे बोट: एकदा भरलेली रक्कम परत मिळणार नाही.

मावशी गप्प घरी आल्या. आम्हाला खरा राग आला तो इथे. पाटी लावली म्हणून कायदा बदलत नाही, पण आपली माणसे पाटी वाचून परत फिरतात.

पैसे घेऊन उपचार देणारा दवाखाना हा ग्राहक कायद्यात येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सांगितले. २०१९ चा नवा कायदा आल्यावर डॉक्टर त्यातून सुटले असा दावा मुंबई उच्च न्यायालयात झाला. तो ऑक्टोबर २०२१ मध्ये फेटाळला गेला आणि एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवले. नव्या कायद्यात दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत. बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष सेवेचे पैसे बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत न करणे हीसुद्धा अनुचित प्रथाच.

म्हणजे सगळे पैसे परत मिळतील असे नाही. झालेल्या कामाचे पैसे डॉक्टरांचे, न झालेल्याचे आपले. मावशींचा तो हिशेबाचा कागद घेऊन आम्ही विहारातच बसलो. साफसफाई २ हजार, दात काढणे ३ हजार, दोन रूट कॅनाल १० हजार. झालेले काम १५ हजारांचे. सूट सोडून दिली तरी ४० मधून १५ वजा जाता २५ हजार परत यायला हवेत. हा हिशेब जमला, कारण दवाखान्याने प्रत्येक कामाचा दर वेगळा लिहिला होता. "पूर्ण पॅकेज" एवढेच लिहिले असते तर आम्हीही अडकलो असतो. म्हणून आगाऊ पैसे भरायची वेळ आलीच, तर दर वेगवेगळे लिहून मागा. त्याहून बरे म्हणजे जेवढे काम तेवढेच पैसे. पाच हजारांची सूट आपल्याला महाग पडते.

भांडण चालू असताना दाताकडे दुर्लक्ष मात्र करू नका. रूट कॅनाल झालेली दाढ कॅपशिवाय ठेवली तर चावताना फुटू शकते, मग ती काढावीही लागू शकते. मावशींना आम्ही मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात नेले. सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालयही आहे. तिथे रांग मोठी, दिवस मोडतो, कामावर खाडा पडतो, हे खरे. पण केस पेपरवर कोणत्या दाताचे काय झाले आहे आणि काय बाकी आहे हे डॉक्टरांनी लिहून दिले. तोच कागद पुढे पुरावा झाला. जुन्या दवाखान्यातले एक्स-रे लेखी अर्ज करून मागून घेतले.

कर्जाचे प्रकरण जास्त चिवट. दवाखान्याने काम थांबवले तरी हप्ता थांबत नाही, आणि रागाने आपण थांबवला तर सिबिल खराब होते. कर्ज देणारी कंपनी वेगळी असते हे मावशींना ठाऊकच नव्हते. त्या कंपनीलाही लेखी कळवावे. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक. मोबाईलवर घेतलेले असे कर्ज सुरुवातीच्या ठरावीक दिवसांत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचे व्याज भरून दंडाशिवाय रद्द करता येते. ती मुदत कर्जाच्या कागदात असते. ओटीपी सांगण्याआधी तो कागद मुलांकडून वाचून घ्या.

वस्तीतल्या कायदा शिकणाऱ्या एका मुलीने अर्ज लिहिला: किती भरले, काय झाले, काय राहिले, २५ हजार १५ दिवसांत परत द्या. स्पीड पोस्टाने पाठवला, पावती जपली. दवाखान्यातून फोन आला, "बारा हजार घेऊन जा आणि इथे सही करा." कागदावर लिहिले होते की यापुढे कोणतीही तक्रार नाही. मावशींनी सही केली नाही. (सहा इयत्ता शिकलेल्या बाईने तो कागद दोनदा वाचला, हे इथे नमूद करायला हवे.) मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण समोरच्याला विचारणा जाते. महिन्याभरात दवाखान्याने कर्जाचे २० हजार कंपनीला परत करून कर्ज बंद केले. कर्ज बंद झाल्याचे पत्रही मागून घेतले, ते राहून जाते.

उरले पाच हजार. त्यासाठी वांद्रे पूर्वच्या उपनगर जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील असलाच पाहिजे असे नाही, आणि आपण जिथे राहतो तिथल्या जिल्ह्यात दावा टाकता येतो. मुदत दोन वर्षांची. अर्जाची भाषा जमत नसेल तर विलेपार्ल्याला कूपर रुग्णालयामागे मुंबई ग्राहक पंचायतीचे ग्राहक भवन आहे, तिथे मार्गदर्शन मिळते.

मावशींच्या दोन्ही कॅप नायरमध्ये बसल्या, ब्रिज बाकी आहे. पाच हजारांसाठी एवढी धावपळ कशाला, असे त्यांच्या मुलाचे म्हणणे. मावशींनी कागदांची पिशवी कपाटात साडीखाली ठेवली आहे, आणि येत्या सोमवारी कामावर सुट्टी सांगितली आहे. आम्ही दोघी त्यांच्याबरोबर वांद्र्याला जाणार आहोत.