कृतज्ञता म्हणजे मिंधेपणा नव्हे

आपल्या समाजात ‘उपकार’ हा शब्द आजही खटकतो. हक्काची गोष्टही पिढ्यान्‌पिढ्या उपकार म्हणून पदरात टाकली गेली आणि बदल्यात मान खाली घालायला लावली गेली. त्यामुळे रोज कृतज्ञ राहा म्हटले की तरुण कार्यकर्ते बिचकतात. त्यांची शंका रास्त आहे. पण धम्मातली कृतज्ञता वेगळी आहे.

पालीत दोन शब्द जोडीने येतात. कतञ्ञू म्हणजे आपल्यासाठी कोणी काय केले हे जाणणारा आणि कतवेदी म्हणजे ते बोलून, वागून व्यक्त करणारा. आपणहून आधी मदत करणारा आणि त्या मदतीची जाण ठेवणारा, अशा दोन व्यक्ती जगात दुर्मीळ आहेत, असे अंगुत्तर निकायात भगवान बुद्धांनी सांगितले आहे. इथे झुकणे नाही, नोंद घेणे आहे.

अशी नोंद आपल्या तालुक्यात दगडावर कोरलेली आहे. बोरी बुद्रुकहून एका दिवसात पाहून येता येतील अशा जुन्नरच्या लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लेख आहेत. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली. कोणी दिले आणि काय दिले, एवढेच लिहिले. म्हणून ते आजही कळते.

बाबासाहेबांनी १९४० मध्ये ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ रमाईंच्या स्मृतीस अर्पण केला, तर १९४६ मध्ये शूद्रांवरचा ग्रंथ महात्मा फुले यांना. कोणापुढेही न झुकलेला माणूस ऋण मात्र नावानिशी सांगत होता.

रोजची सवय साधी आहे. संध्याकाळच्या वंदनेनंतर दोन मिनिटे थांबा. ‘सर्वांचे आभार’ नको; एक नाव आणि एक काम सांगा. शिष्यवृत्ती हा हक्क आहे, तिच्यासाठी मिंधे होऊ नका. पण अर्ज भरून देण्यासाठी रात्री उशिरापर्यंत बसलेल्या ताईचे नाव घ्या. जयंतीच्या फलकावर नेत्यांचे फोटो असतात. भोजनदानाचा स्वयंपाक करणाऱ्या आणि विहार झाडणाऱ्या महिलांची नावे नसतात. ती विहारात मोठ्याने घ्या आणि दुसऱ्या दिवशी झाडू आपल्या हातात घ्या. तेव्हाच आपण कतवेदी होऊ.

नमो बुद्धाय, जय भीम!