कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा प्रवेश : तयारी फक्त अभ्यासाची नको, अर्जाचीही हवी



दहावीचा निकाल लागला की जळगाव-धुळ्यात दर दुसऱ्या घरात एकच वाक्य ऐकू येतं, "पोराला कॉम्प्युटरला टाकायचंय." मग क्लास शोधला जातो, फी भरली जाते आणि आपलं काम संपलं असं पालकांना वाटतं. खरं तर काम तिथून सुरू होतं. परदेशातल्या बऱ्याच विद्यापीठांत प्रवेशासाठी निबंध, शिफारसपत्रं मागतात. आपल्याकडे तसं नाही. इथे तीन गोष्टींवर प्रवेश ठरतो : परीक्षेतला क्रम, हातातली कागदपत्रं आणि पर्याय अर्ज. अभ्यासात हुशार असलेली आपली मुलं बहुतेक वेळा दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीत मागे पडतात. म्हणून तिन्ही नीट समजून घेऊ या.

१) परीक्षा कोणती आणि कशी?

राज्यातल्या महाविद्यालयांसाठी एमएचटी-सीईटी आहे. आपल्या भागातलं जळगावचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (स्थापना १९९६), बांभोरीचं अभियांत्रिकी महाविद्यालय (१९८३), शिरपूरचं आर. सी. पटेल (२००१) किंवा पुण्या-मुंबईचं सीओईपी, व्हीजेटीआय, सगळीकडे मुख्य दार हेच.

पेपर २०० गुणांचा. भौतिकशास्त्राचे ५० आणि रसायनशास्त्राचे ५० प्रश्न, प्रत्येकी १ गुण. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण. म्हणजे निम्मे गुण एकट्या गणिताचे! साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे, ८० टक्के बारावीचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

आता वेळेचं गणित बघा. भौतिक-रसायनच्या १०० प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताला ९० मिनिटांत ५० प्रश्न, म्हणजे १०८ सेकंद. पाच-पाच पायऱ्या लिहून सोडवायची बोर्डाची सवय इथे पुरत नाही. बारावीच्या दिवाळीपासून आठवड्याला एक तरी पेपर घड्याळ लावून सोडवायला हवा.

मराठी माध्यमाच्या शिक्षकांनी एक गोष्ट खास लक्षात ठेवावी. भौतिक आणि रसायनचे प्रश्न मराठीतही मिळतात, पण गणिताचा पेपर फक्त इंग्रजीत असतो. म्हणून नववी-दहावीपासूनच वहीत शब्दांच्या जोड्या लिहून घ्या : सदिश म्हणजे व्हेक्टर, संभाव्यता म्हणजे प्रोबॅबिलिटी, विकलन म्हणजे डिफरन्शिएशन. रोज दोन शब्द घेतले तरी वर्षात मोठा साठा होतो. गणित येतं पण प्रश्नच कळला नाही, अशी वेळ मुलावर यायला नको.

आयआयटी, नागपूरचं व्हीएनआयटी, नागपूर-पुण्याच्या ट्रिपल आयटी यांच्यासाठी जेईई मेन लागते. ती मराठीतूनही देता येते, पण तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापतात. आयआयटीसाठी त्यापुढची जेईई ॲडव्हान्स्ड फक्त इंग्रजी आणि हिंदीत असते. शिवाय या संस्थांना खुल्या वर्गासाठी बारावीत ७५ टक्क्यांची अट आहे. राज्याच्या प्रवेशाला खुल्या वर्गासाठी ठरलेल्या विषयांत ४५ टक्के पुरतात. म्हणून "बोर्डाचं काय, पास झालं की झालं" हे सरसकट सांगू नका.

२) पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

हा गोंधळ घरोघरी आहे. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नाहीत. परीक्षा दिलेल्या १०० पैकी ९० जण तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. समजा ३ लाख मुलांनी परीक्षा दिली. ९९ पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे साधारण ३ हजार मुलं, तर ९० वाल्याच्या पुढे ३० हजार! वरच्या टोकाला एकेका पर्सेंटाइलची किंमत केवढी, हे मुलाला आकडे मांडून दाखवा. रागावण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

३) कागदपत्रं : इथेच जागा जाते

जातीचं प्रमाणपत्र आहे, पण जात वैधता नाही. नॉन-क्रीमीलेअर आहे, पण त्याची मुदत संपली. मग मुलाला खुल्या वर्गात धरलं जातं आणि दोन वर्षांची मेहनत एका कागदापायी वाया जाते. जात पडताळणीला महिनोन्महिने लागू शकतात. त्यासाठी अर्ज अकरावीतच महाविद्यालयामार्फत करावा. नॉन-क्रीमीलेअर प्रवेशाच्या पुढच्या वर्षातल्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं लागतं. अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला, आधार आणि बँक खात्याची जोडणी हेही निकालाआधीच करून ठेवा. निकालानंतर सेतू केंद्रात किती गर्दी असते, ते आपण दरवर्षी बघतोच.

फीची भीती असेल तर हे वाचा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना २०२४ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र केंद्रीय प्रवेश फेरीतूनच, म्हणजे कॅपमधून, हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर लाभ मिळत नाही. मुलगा असो वा मुलगी, ८ लाखांच्या आतल्यांसाठी टीएफडब्ल्यूएसच्या ५ टक्के जादा जागाही असतात. कापूस-केळीच्या भावावर घर चालवणाऱ्या बापाने "मुलीला बीए करू दे, इंजिनिअरिंग झेपणार नाही" असं म्हणण्याआधी ही माहिती त्याच्यापर्यंत पोचायला हवी. ते काम आपलं, शिक्षकांचं.

४) पर्याय अर्ज : घाईत भरू नका

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मुलांचं गृह विद्यापीठ म्हणजे आपलं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. त्यामुळे इथल्या अनेक महाविद्यालयांत आपल्या मुलांसाठी वेगळा वाटा असतो. बाहेरच्या महाविद्यालयांचे मागच्या वर्षीचे कटऑफ बघताना आपल्या रकान्यातला आकडा बघा, दुसऱ्याच्या नाही.

पर्यायांचा क्रम खऱ्या इच्छेनुसार लावा. आधी ज्यांची आस आहे ती महाविद्यालयं, मग मिळण्याजोगी, शेवटी हमखास मिळतील अशी. पण एक नियम पाठ असू द्या. २०२५ च्या प्रवेशापासून पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी मिळाला तरी तसंच. जिथे मुलगा जाणारच नाही, ते नाव उगाच वर लिहू नका. नियम बदलू शकतात, म्हणून त्या वर्षीची सीईटी कक्षाची माहितीपुस्तिका घरात एकाने तरी पूर्ण वाचावी. सायबर कॅफेवाल्यावर सोडून देऊ नये. पासवर्डही स्वतःकडेच ठेवावा.

५) नंबर नाही लागला तर?

दार बंद होत नाही. दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. बीसीए किंवा बीएस्सी करून एमसीए करता येतं. आयआयटी मद्रासच्या डेटा सायन्स पदवीला जेईई लागत नाही. सुरुवातीचे काही आठवडे त्यांचा अभ्यासक्रम शिकून पात्रता परीक्षा दिली की प्रवेश मिळतो.

शेवटी सगळ्यात महत्त्वाचं. मुलाला संगणक खरंच आवडतो का, हे दहावीतच तपासा. स्क्रॅच फुकट आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठी धडे आहेत. सुट्टीत एक छोटा खेळ त्याला स्वतः बनवू द्या. चूक सापडेपर्यंत तो तासभर बसून राहिला, तर समजा गोडी आहे. कंटाळून उठला, तर त्याला दुसरं काय आवडतं ते विचारा, आणि तेही तितक्याच मनापासून ऐका.

हा लेख आपल्या शाळेच्या पालकसभेत जरूर वाचून दाखवा.